मधला बोल्ट

त्या गॅरेजात दोन साडू काम करत आणि एकमेकांशी बोलत नसत. काम मात्र अडत नसे, कारण मध्ये दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरली काउंटरवर बसे, धाकटी सुटे भाग सांभाळी. थोरल्या साडूला पाना हवा असला की तो बायकोला सांगे, ती बहिणीला, बहीण आपल्या नवऱ्याला. हातभर अंतरावरचा पाना असा सगळ्या नात्यागोत्यातून फिरून येई.

भांडणाचं मूळ म्हणजे कधीकाळी सैल राहिलेला एक बोल्ट. तो कुणी सैल ठेवला याचा निकाल लागेना, म्हणून वाटणी झाली. प्रत्येक गिअरबॉक्सवर खडूने उभी रेघ मारायची. डावीकडचं थोरल्याचं, उजवीकडचं धाकट्याचं. चूक झाली तर कुणाची ते कळावं, एवढाच हेतू. चूक होऊच नये, हा विचार दोघांनाही शिवला नव्हता.

आता एका कंपनीच्या सगळ्या व्हॅन त्यांच्याकडे दुरुस्तीला येण्याचं घाटत होतं. आल्या तर गॅरेज तरेल, नाही तर महिनाअखेर शटर खाली, हे चौघांनाही ठाऊक होतं. कंपनीच्या मॅडम आधी एक व्हॅन देऊन समोर उभ्या राहून काम बघणार होत्या.

"मॅडमसमोर गोड बोलायचं," थोरलीने दोघांना बजावलं. "तोंड दुखलं तरी बोलायचं."

"मी तयार आहे," थोरला म्हणाला. "त्यांचं त्यांना विचार."

"त्यांना म्हणावं, मी कधीचा तयार आहे," शेजारूनच धाकटा म्हणाला.

व्हॅनच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग तडकलं होतं. बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच. गिअरबॉक्स खाली उतरवून टेबलावर घेतला. कवचात बसलेला, इंजिनचं बळ गिअरबॉक्सला देणारा, तेलाने भरलेला जड टॉर्क कन्व्हर्टर दोघांनी दोन बाजूंनी धरून सरळ ओढला, खाली एक थेंब सांडला नाही. मॅडमची मान हलली. आता कवचाच्या आतल्या अंगाचे बोल्ट काढायचे आणि कवच अलगद सोडवायचं, एवढंच राहिलं.

"या भाऊ, तुम्ही आधी."

"छे छे, हात तुमचा मोकळा आहे."

काउंटरवर थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला. इतक्या वर्षांत एवढी साखर त्या घरात चहातही पडली नव्हती.

डावीकडचे तीन निघाले, उजवीकडचे तीन निघाले. सातवा होता अगदी वर, खडूच्या रेघेवर, काळ्या चिकट मळाखाली दडलेला. आजवर नशिबाने दोन्हीकडे सारखे बोल्ट असलेलेच गिअरबॉक्स आले होते. रेघेवरचा तो आपला नाही, असं दोघांनीही मनाशी धरलं आणि पाने खाली ठेवले.

कवच हलेना. रबरी हातोड्याने टोले दिले, तरी नाही. "वरचा काढलात ना?" एवढं विचारलं असतं तर भागलं असतं, पण तो प्रश्न विचारणं म्हणजे जुना खटला मॅडमसमोर उघडणं.

"फार चिकटलंय," थोरला गोड हसून म्हणाला.

"हो ना. भारी चिवट माल," धाकटाही हसला आणि त्याने फटीत टॉमी, म्हणजे उचकटायची लोखंडी कांब, घातली. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं. एक झटका, की कवच जागच्या जागी आणि गिअरबॉक्सच फुटलेला.

"थांबा!" मॅडम म्हणाल्या. "तो वरचा कुणाचा?"

"यांचा," दोघे एकदम म्हणाले.

"कुणाचा का असेना, काढा."

पण आता जो काढेल तोच विसरला असं ठरणार!

"काढा तुम्हीच. तुमचाच राहिलाय."

"माझा? रेघ बघा जरा!"

"रेघ काय बघायची? तेव्हाचाही तुझाच होता!"

"तुझा होता! बायकोची शपथ घेऊन सांग!"

"तिला कशाला मध्ये ओढतोस रे?"

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हात दोघांचे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "व्हॅन देते मी. पण जबाबदारी एकाच्याच नावावर, दुसऱ्याने त्याच्या हाताखाली करायचं. नाव सांगा."

"भाऊजींचं सांगून मोकळे व्हा हो," धाकटी नवऱ्याच्या कानाशी लागली. थोरलीही काउंटर सोडून धावत आली. "अहो, त्याचं सांगा. आपलं काय जातंय?"



"याच्या हाताखाली?" थोरला म्हणाला. "त्यापेक्षा नको."

"नकोच," धाकटा म्हणाला.

मॅडम आपल्या गाडीकडे निघाल्या. गॅरेज एकदम सुनं झालं.

"बाई महाशहाणी," थोरला म्हणाला. "एकाच्या नावावर म्हणे! आपल्यात फूट पाडायला निघाली होती."

"आणि आपण पडू देतोय होय!" धाकट्याने उजेडाला बॅटरी धरली, थोरल्याने मळ खरवडून सातव्या बोल्टला पाना लावला. दोन हिसक्यांत तो सुटला आणि कवच अलगद हातात आलं. दोघेही खूश झाले. आता चहा हवाच होता.

काउंटरवर कुणी नव्हतं. दोघी बहिणी फाटकाशी, मॅडमच्या गाडीच्या खिडकीत वाकून उभ्या होत्या. कंपनीच्या भांडारात सुटे भाग ओळखणाऱ्या बायका लागतील का, म्हणून विचारत होत्या.

"नाव ताईचं लिहा," धाकटी म्हणत होती. "मी तिच्या हाताखाली करीन."