शिंपडे, बुडवे आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं घंगाळ आहे, आणि सध्या माझं डोकं भयंकर फिरलेलं आहे. तांब्याचं, रुंद तोंडाचं, दोन कड्यांचं, आंघोळीचं पाणी काढायचं भांडं, ते मी. व्याकरणवाले मला ‘ते’ म्हणतात, मी स्वतःला ‘तो’ म्हणतो. ह्यावरून कुणाला भांडायचं असेल तर त्याने कृपा करून रांगेत उभं राहावं. माझ्यावरून भांडणाऱ्यांची रांग आधीच बरीच लांब आहे.

मला घडवणारा तांबट कमालीचा तिरसट होता. तीन दिवस त्याने मला ठोकलं, आणि प्रत्येक ठोक्याला जगात कुणाला ना कुणाला नावं ठेवली. तो गुण माझ्यात उतरला असेल तर माझा इलाज नाही. मला करवून घेतलं ते चर्चच्या थोरल्या पाळकांनी. बाप्तिस्म्यासाठी. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताच्या मंडळीत येताना पाण्याने घ्यायची दीक्षा. ‘‘केवढं करू?’’ तांबटाने विचारलं. ‘‘एक लेकरू मावेल एवढं,’’ थोरले पाळक म्हणाले. मित्रांनो, हे चार शब्द नीट ऐकून ठेवा. पुढे ह्या चार शब्दांनी अख्ख्या गावाचं डोकं खाल्लं.

थोरले पाळक बोलायला मऊ, पण करायला खमके. त्या काळी वरच्या आळीतली माणसं कातडी कमावणाऱ्यांच्या हातचं पाणी पीत नसत. रविवारी मात्र सगळे एकाच छपराखाली येऊन ‘देवा, तू आमचा बाप’ म्हणत. बाप एक, पाणी वेगळं, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही. माझ्या पहिल्याच रविवारी दोन बाळं आली, एक पेढीवाल्यांचा नातू आणि एक कातडी कमावणाऱ्याची मुलगी. पेढीवाल्यांच्या सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या बाळाचं आधी करा, नाहीतर मधे पाणी तरी बदला.’’ पाळक हसले. त्यांनी आधी ती मुलगी घेतली, आणि मग त्याच पाण्याने नातवाचं कपाळ भिजवलं. अर्धं चर्च ताडकन उठून निघून गेलं. तीन आठवडे रुसून बसलं आणि चौथ्या रविवारी मुकाट्याने परत आलं. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की काठ फाटायचा बाकी होता.

मग थोरले पाळक वारले आणि मंडळीला कंठ फुटला. एक बाजू म्हणाली, बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर पाणी शिंपडणं. दुसरी म्हणाली, छे, अख्खा माणूस पाण्याखाली गेल्याशिवाय तो बाप्तिस्माच नव्हे. गावाने लगेच नावं ठेवून दिली, शिंपडे आणि बुडवे. बुडव्यांना ते नाव फार झोंबलं, कारण बुडव्या कुणाला म्हणतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण एकदा पडलेलं नाव काही निघत नाही.

आणि दोघांनीही पुरावा कुणाचा द्यावा? माझा! शिंपडे म्हणाले, ‘‘‘लेकरू मावेल एवढं’ म्हणजे मोठा माणूस मावणार नाही, म्हणजे शिंपडायचंच.’’ बुडवे म्हणाले, ‘‘‘मावेल’ म्हणजे आत बसेल, म्हणजे बुडवायचंच.’’ अहो, मी तिथे होतो! थोरले पाळक तांबटाला माप सांगत होते हो, माप!

शेवटी बुडव्यांनी रस्त्यापलीकडे आपलं वेगळं सभागृह बांधलं. मी कुणाचा हे ठरेना, म्हणून मला जुन्या चर्चमधल्या कपाटात घातलं आणि त्याला दोन कुलपं ठोकली. एक किल्ली शिंपड्यांच्या अध्यक्षांकडे, म्हणजे मास्तरांकडे. दुसरी बुडव्यांच्या अध्यक्षांकडे, म्हणजे लाकडाच्या वखारीच्या मालकांकडे. गंमत म्हणजे मास्तर आणि वखारवाले एकमेकांचे सख्खे साडू. दोघांच्या बायका बहिणी. त्या दोघी रोज सकाळी कुंपणावरून चहापत्ती आणि गाऱ्हाणी ह्यांची देवाणघेवाण करत, आणि नवरे मात्र एकमेकांना पाहून रस्ता ओलांडत.

मी त्या अंधारात काळा पडलो असतो. पण माणसं पुढून दोन कुलपं लावतात आणि मागची फळी सुटलेली आहे हे बघत नाहीत. चर्चच्या घंटावाल्याला ती फळी ठाऊक होती, आणि त्याची बायको गावची दाई होती. तिच्याकडे मोठं भांडं नव्हतं. घंटावाल्याने मला मागच्या बाजूने काढलं आणि बायकोच्या हाती दिलं. बाळ न्हालं की मी पुन्हा फळीमागे, आणि पुढची कुलपं जशीच्या तशी. मित्रांनो, माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

तिला सगळे दाईमावशी म्हणत. ती जन्माने दुसऱ्या धर्माची. घंटावाल्याशी लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. मावशी येशूला मनापासून मानायची, एकही रविवार चुकवायची नाही, पण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कुणी विचारलं की म्हणायची, ‘‘घेते की! आधी तुमचं ठरू द्या. एकीकडचा घेतला तर दुसरीकडच्या बाया मला दारात उभं करायच्या नाहीत. आणि बाळाला काही धीर नसतो बाबा.’’

दर रविवारी ती मधल्या रस्त्यात थांबायची. इकडून मास्तर निघायचे, तिकडून वखारवाले.

‘‘काय रे, ठरलं का?’’

‘‘ठरतंय, मावशी,’’ दोघंही म्हणायचे.

पन्नास वर्षं ठरत होतं! तेवढ्या वेळात मावशीने गावातली निम्मी माणसं जन्माला आणली. शिंपड्यांची, बुडव्यांची, तिला टाकून दिलेल्या तिच्या माहेरच्यांची, आणि ज्यांना कुठलाच देव नको होता त्यांचीही. प्रत्येकाची पहिली आंघोळ माझ्यात. मास्तरांच्या तिन्ही मुली आणि वखारवाल्यांचे दोन्ही मुलगे माझ्यात बसून बोंबलले आहेत. मावशी कोपर बुडवून पाणी बघायची, आणि बाळाच्या कानात पुटपुटायची, ‘‘देवा, हे तुझं. सांभाळ.’’ त्यात शिंपडण्या-बुडवण्याचा विषय मी कधी ऐकला नाही.

घंटावाला गेला तेव्हा त्याला चर्चच्या दफनभूमीत पुरलं. मावशी लेकीला म्हणाली, ‘‘मला त्याच्या शेजारीच ठेव हं. जन्मभर पहाटे घंटा बडवून माझी झोप मोडली मेल्यानं. आता मी त्याची मोडते.’’ लेक हसली. ती शिवणकाम करायची आणि हसणं तिला स्वस्त होतं. पण दफनभूमीचा नियम ऐकल्यावर तिचं हसू पळालं. जागा फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना. आपल्या माणसाच्या कागदावर आपल्या अध्यक्षाची सही. आणि ज्याचं नाव दोन्हीकडे नाही, किंवा ज्याने मरणाच्या खाटेवर दीक्षा घेतली, त्याला दोघांच्याही सह्या हव्या.

मग एका हिवाळ्यात मावशीच्या छातीत कफ भरला. डॉक्टर लेकीला बाहेर बोलावून म्हणाले, ‘‘दोन दिवस काढले तरी पुष्कळ.’’ मावशीने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘बोलव त्या दोघांना. आता घेऊनच टाकते.’’

लेकीने मागची फळी सरकवून मला आणलं, पाणी तापवून माझ्यात ओतलं. दोघे साडू आले आणि खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिले.

मास्तर म्हणाले, ‘‘सोपं आहे. आमचे पाळक येतात, कपाळाला पाणी लावतात. पाच मिनिटांचं काम.’’

‘‘तसं केलंत तर माझी सही मिळणार नाही,’’ वखारवाले म्हणाले. ‘‘खाट उचलून तळ्यावर नेऊ. चार माणसं देतो मी.’’

‘‘ह्या थंडीत?’’ लेक ओरडली. ‘‘मरेल ती!’’

‘‘आणि तळ्यात बुडवलंत तर माझी सही मिळणार नाही,’’ मास्तर म्हणाले.

लेकीचा तोल सुटला. ‘‘काका, ती माझी आई आहे! रंगवायला टाकलेलं कापड नाही, शिंपडू का बुडवू म्हणून वाद घालायला!’’

दोघांनाही वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी त्यांचे चेहरे पाहिले. पण वाईट वाटणं वेगळं आणि माघार घेणं वेगळं. ते अंगणात गेले आणि तिथे पुन्हा जुंपली. एकाने थोरल्या पाळकांची शपथ घातली, दुसऱ्याने तेच चार शब्द काढले. माझ्यातलं पाणी निवलं. लेकीने ते पुन्हा तापवलं. पुन्हा निवलं. तिसऱ्यांदा तापवलं तेव्हा मावशी क्षीण आवाजात म्हणाली, ‘‘सरपण जाळू नकोस गं. माझे पाय गार पडलेत, तेच बुडव त्यात.’’

लेकीने मला खाटेशी ओढलं आणि आईचे पाय माझ्यात सोडले. भेगाळलेले, गावभर चाललेले पाय. मावशीने डोळे मिटले. ‘‘हं,’’ ती म्हणाली. ‘‘बरं वाटलं.’’

मी काही शास्त्री नाही. पण आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याच्यापुढेही कुठलं तरी भांडंच असणार. कुणाची दीक्षा कशी झाली, हे त्याने आधी विचारल्याचं मला तरी कुणी सांगितलेलं नाही. त्या दुपारी माझ्या काठाशी देव बसला होता असं मला वाटलं, आणि अंगणातल्या दोघांना त्याचा पत्ता नव्हता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली.

लेक सह्यांसाठी आधी मास्तरांकडे गेली, मग वखारवाल्यांकडे. दोघांनी एकत्र बसून निर्णय द्यायचं कबूल केलं. लेकीला वाटलं, चला, देव पावला! कुठलं काय? एका टेबलाशी बसून त्या दोघांनी तिला काय विचारलं असेल, सांगा पाहू?

‘‘पाय पाण्यात होते असं ऐकलं. कितपत बुडले होते? घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत?’’ हे वखारवाले.

‘‘आणि वरून पाणी घातलंस का? ओंजळीने? शिंपडल्यासारखं?’’ हे मास्तर.

लेक तडक उठली. आधी ती आईच्या माहेरच्या आळीत गेली. तिथे मामा दारातूनच म्हणाला, ‘‘ती आमच्यातली कधीच नव्हती.’’ त्या मामाची पहिली नात मावशीच्याच हातची, माझ्यातच न्हालेली! तिथून लेक दफनभूमीत गेली. तिथे थडगी खणायला एक माणूस होता, सगळे त्याला कुदळ्या म्हणत. त्याने कपाळ पुसत विचारलं, ‘‘मावशी? घंटावाल्याशेजारी ना?’’

‘‘सह्या नाहीत, कुदळ्यादादा.’’

‘‘मला लिहिता-वाचता येत नाही,’’ कुदळ्या म्हणाला आणि कुदळ उचलली. ‘‘कागद दाखवला काय, न दाखवला काय. त्यात मी बघणार आहे काय?’’

दुपारी मावशीला नवऱ्याच्या शेजारी मूठमाती मिळाली. दोन्ही बाजूंची माणसं आली, रस्त्यावर उभे राहून मावशीचे दोन भाचेही लांबून बघत होते. दोन्ही पाळकांना नियम आडवा आला, म्हणून त्या दोघी बहिणींनी, मास्तरीणबाईंनी आणि वखारवालीने, शेजारी शेजारी उभं राहून गाणं उचललं. एकीचा सूर वर, एकीचा खाली. तरी गायल्या. त्यांचे नवरे घरीच बसले होते.

आठच दिवसांनी कुदळ्याच्या हाती एक पत्र आलं. तो ते लेकीकडे वाचून घ्यायला आला. नियमाबाहेर थडगं खणल्याबद्दल त्याला कामावरून काढलं होतं. खाली डावीकडे मास्तरांची सही, उजवीकडे वखारवाल्यांची.

मित्रांनो, मावशीसाठी पन्नास वर्षांत जुळल्या नाहीत त्या दोन सह्या आठ दिवसांत जुळल्या! एका हातावर पोट असलेल्या माणसाची भाकरी काढायला!

लेकीने पत्र टेबलावर आपटलं. कुदळ्या मात्र हसायला लागला. ‘‘दोन्ही सह्या आहेत? एकाच कागदावर? मग दे तो इकडे. जपून ठेवतो.’’ हल्ली तो रस्त्याच्या कामावर खड्डे बुजवायला जातो. आणि मास्तर-वखारवाल्यांना कागदाची गोडी लागली आहे. आता त्यांचा दुसरा संयुक्त अर्ज आला आहे, की मंडळीचं ऐतिहासिक घंगाळ परत द्यावं, ते काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. पेटी कुठल्या सभागृहात ठेवायची, ते मात्र अजून ठरतंय.

लेकीने मला दिलेलं नाही. मी तिच्या शिवणयंत्राखाली आहे. परवाच शेजारची सून मला मागायला आली होती, तिचे दिवस भरत आलेत. तिचं कुठलं चर्च आहे की नाही, हे लेकीने विचारलं नाही आणि मीही नाही.

तर मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला काचेत ठेवू नका. राखेने घासा, धुवा आणि वापरा. देवाच्या नावाने जे काही हाती धराल, भांडं असो, पुस्तक असो की माणूस असो, ते कुलपात घालू नका. आणि पाणी तापलं असेल, समोर कुणी गारठलेलं असेल, तर आधी त्याला आंघोळ घाला. वाद काय, मागाहूनही घालता येतो. पण पाणी निवतं हो. माणूसही निवतो.