टिकाराम मिस्त्रीचे कान

मित्रांनो, मी एक जुनं ट्रॅक्टरचं इंजिन आहे. तीन सिलिंडरचं, डिझेल पिणारं आणि जरा तोंडाळ. कामठ्यात माझं नाव काढलं की लोक अजून म्हणतात, "जोर पाहावा तर त्याचा!" पण आज मी फुशारकी मारायला बसलेलं नाही. माझ्या आवाजानं एका भल्या माणसाचे कान गेले. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१९९९ साली मी कारखान्यातून निघालं आणि गोंदियाजवळच्या कामठ्याला बिसनलाल रहांगडाल्यांच्या दारी आलं. हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. नव्याचे नऊ दिवस झाले आणि मी चिखलात उतरलं. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, चिखलणी करणं हे माझं मुख्य काम. लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावून मी दिवसभर गाळ तुडवायचं, दिवाळीनंतर धानाची पोती राइस मिलवर ओढायचं. थकायचं, पण कुरकुर करत नसे. खरं सांगायचं तर थोडी करत असे.

ती कुरकुर ओळखणारा एकच माणूस होता, टिकाराम मिस्त्री. सडकेच्या कडेला टिनाच्या छपराखाली त्याचं दुकान होतं. त्याची बायको प्रेमिला तिथेच बसून सामान काढून द्यायची, नट-बोल्ट निवडायची. मिस्त्रीची तपासायची रीत न्यारी होती. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक तो माझ्या अंगावर टेकवायचा आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायचा. मग डोळे मिटून ऐकायचा. "दुसऱ्या नोझलमंधी कचरा हाये," म्हणायचा, आणि खोललं की तिथेच कचरा निघायचा! बाप्पा, काय कान होते ते! कारखान्यात मला घडवणाऱ्यांनीही मला इतकं ओळखलं नसेल.

तुम्हाला आमची मंडई ठाऊक असेलच, भाजीची नव्हे, जत्रेची. दिवाळी झाली की गावोगाव भरते. घराघरात पाहुणे, दंडारीचं लोकनाट्य, आणि पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्या शर्यतींवर बंदी आली आणि गावातली पोरं हिरमुसली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, बैल नाही तर ट्रॅक्टर पळवू. पळवण्यापेक्षा ओढू! लोखंडी पाट्यावर खडी-गिट्टीची पोती रचायची, पाटा ट्रॅक्टरला जुंपायचा, दर फेरीला पोती वाढवायची. जो सर्वांत लांब ओढेल त्याला फिरती ढाल. लागोपाठ तीन वर्षं जिंकली तर ढाल कायमची घरी.

बिसनलालचा मुलगा धनेंद्र इरेला पेटला. त्यानं मला थेट टिकारामच्या दुकानात नेऊन उभं केलं. मिस्त्रीनं माझं डोकं उतरवलं. सिलिंडर घासून मोठे केले, जाड पिस्टन बसवले, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं. भंगारातल्या एका ट्रकचा टर्बो आणून माझ्या छातीला जोडला. नाक वर उचलू नये म्हणून पुढे लोखंडाची वजनं टांगली. महिनाभर तो माझ्याशी झटत होता, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार आवडत होतं.

शेवटी धनेंद्र म्हणाला, "मिस्त्री, सायलेन्सर काढून टाक. नुसता सरळ पाइप लाव. आवाज पायजे!"

"आवाजानं पाटा ओढल्या जात नाई, धनेंद्र," मिस्त्री म्हणाला.

"लोकं तं आवाजच आयकाले येतेत ना!"

दुकानापुढच्या खाटेवर टेकलेले म्हातारे बिसनलाल पुटपुटले, "उथळ पाण्याला खळखळाट फार." पण त्यांचं कोण ऐकतो? सायलेन्सर निघाला आणि गोठ्यातल्या खुंटीवर जाऊन लटकला.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा मनमोकळं ओरडलं. झाडावरचे बगळे उडाले, पोरं नाचली. पहिल्या मंडईत मी ढाल जिंकली. दुसऱ्या मंडईतही जिंकली. माझा आवाज पार दुसऱ्या गावाला जातो, असं लोक कौतुकानं सांगायचे, आणि मी आणखी फुगायचं. या सगळ्या काळात, सराव असो की शर्यत, एक माणूस पेचकस कानाला लावून माझ्या अगदी जवळ उभा असायचा. त्याच्या कानाचं काय होत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

तिसरी मंडई उद्यावर आली होती. दुपारी धनेंद्रनं मला शेवटचं चालवून पाहिलं. माझ्या पोटात दुखत होतं. तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग झिजलं होतं आणि आतून खटखट येत होती. मला वाटलं, आता मिस्त्री पेचकस लावेल आणि पकडेल. त्यानं पेचकस लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मस्त चालून राहिला! ढाल आपलीच."

मी हादरलं. उद्या त्या भाराखाली दांडा तुटला असता तर माझं पोट फोडून बाहेर आला असता, आणि धनेंद्र तर माझ्या पाठीवरच बसलेला असणार! मी जीव तोडून खटखट केली. मिस्त्री ढिम्म उभा राहिला. धनेंद्रनं मला बंद केलं आणि तो खुशीत घरी गेला.

पण प्रेमिलानं ऐकलं होतं. इतकी वर्षं नट-बोल्ट निवडता निवडता तिलाही माझी भाषा कळू लागली होती.

"अजी, आत कटकट होऊन राहिली."

मिस्त्री तिच्याकडे पाठ करून रॉकेलात हात धूत बसला होता. तो तसाच हात चोळत राहिला.

"अजी!" ती जरा मोठ्यानं म्हणाली. मग हसून म्हणाली, "बरं, मी माहेरी चालली!"

एरवी हे ऐकलं की मिस्त्री हातातला पाना टाकून वळायचा. त्या दिवशी तो वळला नाही. दुकानात माशीचा आवाज ऐकू आला असता इतकं शांत होतं, आणि तो वळला नाही. प्रेमिलाचं हसू मावळलं. ती फिरून त्याच्यासमोर गेली. तिचे भरलेले डोळे पाहून त्यानं मान खाली घातली.

"किती दिवस झाले?" तिनं अगदी जवळ जाऊन विचारलं.

"मागच्या मंडईपासून. कानात नुसती किर्र वाजते, रातकिडा बसल्यावानी. समोरच्याचे ओठ पाहून भागवतो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"बहिऱ्या मिस्त्रीजवळ गाडी कोण आणन वो?" तो म्हणाला.

मित्रांनो, मला रडता येत नाही, तेल गळतं तेवढंच. पण त्या वेळी मला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली.

प्रेमिला रडत बसली नाही. तिनं किल्ली फिरवून मला सुरू केलं, मिस्त्रीचा हात धरला आणि तळवा माझ्या पोटावर दाबला. आधी त्याला काही कळलं नाही. मी जमेल तितकं साफ सांगत राहिलं. मग त्यानं पेचकसाची मूठ कानाऐवजी दातांत धरली आणि टोक माझ्यावर टेकवलं. खटखट दातांना जाणवली आणि त्याच्या भुवया एकदम वर गेल्या. "हाये," तो म्हणाला. "तिसऱ्यात हाये. वा वो प्रेमिला!"

त्यानं लगेच माझ्या पोटाखालचं तेलाचं चेंबर खोललं. संध्याकाळी धनेंद्र आला तर मी जमिनीवर उघडं पडलेलं! तो तडकला. "उद्या मंडई अन् तू आज खोललं? माही ढाल गेली ना, मिस्त्री!"

मिस्त्रीनं झिजलेलं बेअरिंग त्याच्या हातावर ठेवलं. ते नखानं वाकेल इतकं पातळ झालं होतं. "हे मले आयकू आलं नाई, धनेंद्र. हिनं आयकलं. माहे कान गेले. तू दुसरा मिस्त्री पाह्य."

धनेंद्र कितीतरी वेळ ते बेअरिंग उलटंसुलटं करत राहिला. आपण उद्या कुठे बसणार होतो, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. मग तो निघून गेला. मला वाटलं, संपलं सगळं. पण थोड्या वेळानं तो परतला, तेव्हा त्याच्या खांद्यावर गोठ्यातला सायलेन्सर होता. शेणानं माखलेला, कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेला.

"दुसरा मिस्त्री नाई पायजे मले," तो म्हणाला. "हे लाव."

ढाल त्या वर्षी दुसऱ्या गावी गेली. पुढच्या मंडईत मी सायलेन्सर लावून उतरलं, तर लोक हसले. "अबे, हा तं मुका झाला!" मी दुसरं आलं. दुसरं येणं मला मुळीच आवडत नाही, पण त्या दिवशी आवडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेले कान परत येणार नाहीत, उरलंय तेवढं सांभाळा. आता दुकानात दोघं मिळून काम करतात. आवाज प्रेमिला ऐकते, हात मिस्त्रीचा चालतो. गाड्या पहिल्यासारख्याच येतात. काही लोक तर 'प्रेमिला मिस्त्री' म्हणूनच पत्ता विचारतात, आणि टिकारामला त्याचं हसू येतं.

फक्त एक गोष्ट मला अजून सोसत नाही. सायलेन्सर लावलेलं मी सुरू होतं, तेव्हा मिस्त्री माझ्या शेजारीच उभा असतो आणि बायकोला विचारतो, "चालू झाला का?" मग ती त्याचा हात धरून माझ्यावर ठेवते.

माझं बेअरिंग बदललं, पिस्टन बदलले. माझं सगळं सामान बाजारात मिळतं. कानाचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून मित्रांनो, इंजिनाला तेलपाणी द्याच, पण तुमच्या गावात कुणी हौसेनं सायलेन्सर काढत असेल, तर आधी तिथल्या मिस्त्रीच्या पाठीमागे जाऊन उभे राहा आणि त्याला हळूच एक हाक मारा. तो वळला, तर अजून वेळ गेलेली नाही.