ब्रेकबाईचा पाय

सभागृहाचे दरवाजे उघडले आणि शाळा सुटावी तशी मोठी माणसं आत धावत सुटली. कोणी बँकेतला साहेब, कोणी दातांचा डॉक्टर. प्रत्येकाच्या छातीवर पितळी तारा आणि ताऱ्याखाली हुद्दा. ‘अथांग’ नावाचा अंतराळयानांचा ऑनलाइन खेळ तयार व्हावा म्हणून या सगळ्यांनी आगाऊ वर्गणी भरली होती. त्याला आता एक तप लोटलं होतं. दाट केसांनिशी पैसे भरलेल्यांना टक्कल पडलं, खेळ मात्र अजून बाळसंच धरत होता.

तिसऱ्या रांगेत ब्रेकबाई बसली होती. तिची मोटार शिकवण्याची शाळा होती आणि हे नाव शिकाऊ मंडळींनी ठेवलेलं. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता. ती ‘ब्रेक!’ म्हणून ओरडायची तेव्हा तिचा पाय आधीच पडलेला असायचा, आणि शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली.

नेमकी तीच गाडी विकायचा हट्ट तिच्या नवऱ्याने धरला होता. ‘अथांग’मध्ये तो कॅप्टन होता, त्याला आणखी पैसे भरून सेनापती व्हायचं होतं. गाडी बाईच्या नावावर. वादावादीला कंटाळून ती एकदा बोलून बसली होती, “तुमचं यान उडताना दाखवा, सही करते.”

खेळाचे कर्ते मंचावर आले. सगळे त्यांना दादा म्हणत. अंगात साधा काळा सदरा, डोळ्यांत तयार पाणी.

“लोक विचारतात, खेळ कधी येणार? मी विचारतो, घाई कोणाला आहे? अहो, उशीर हाच आपला दर्जा!”

“मग आणखी शंभर वर्षं थांबा, सोनंच होईल,” बाई पुटपुटली. पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरने वळून डोळे वटारले.

मग यान उडवायचा पहिला मान कोणाला, याची चिठ्ठी दादांनी डोळे मिटून उचलली आणि नाव निघालं तिच्या नवऱ्याचं. गाडी विकायला काढल्याचं त्याने आदल्याच आठवड्यात दादांच्या ऑफिसात कळवलं होतं, हा निव्वळ योगायोग.

नवरा मंचावर गेला. समोर एक दांडा, मागे भिंतभर पडदा, पडद्यावर यान.

“हे आता तुमच्या हातात,” दादा म्हणाले. “हळूच डावीकडे... शाब्बास! आता वर घ्या...”

यान घारीसारखं तरंगू लागलं. सभागृह उभं राहिलं. नवरा ढसाढसा रडत होता.

बाई मात्र बसूनच राहिली. या माणसाला घराच्या फाटकातून गाडी सरळ आत घेता येत नाही, आणि दोन उल्कांच्या फटीतून यान ओरखडाही न उठता निघालं? ती दादांचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. दादांचा शब्द पुरा होईतो यान वळलेलं असायचं, नवऱ्याचा हात मागून. दर वेळी. ही तर तिचीच विद्या.

“आता डावीकडे,” दादा म्हणाले.

“अहो, उजवीकडे!” बाई कडाडली.

इतक्या वर्षांची सवय. नवऱ्याने दांडा झटकन उजवीकडे ओढला. यान निवांत डावीकडे गेलं.

“हात सोडा!”

त्याने हात सोडले. यान उडतच राहिलं. मंचामागे कोणीतरी भेदरून भलतीच कळ दाबली आणि ताऱ्यांच्या मधोमध दोन उभ्या रेघा उमटल्या. व्हिडिओ थांबवल्यावर येतात त्या, घरोघरी रोज दिसणाऱ्या.

सगळ्या माना दादांकडे वळल्या.

“बघितलंत?” दादा गहिवरून म्हणाले. “ताऱ्यांचा दरवाजा! आज पहिल्यांदाच उघडला!”

“दरवाजा!” डॉक्टर किंचाळला. “मी म्हणत नव्हतो?”

टाळ्यांनी छत हादरलं.

“अहो, आधी काढून ठेवलेला व्हिडिओ आहे तो! रेघा दिसत नाहीत का तुम्हाला?” बाई घसा फोडून ओरडली. “बाहेर काढा हिला!” चारी बाजूंनी आवाज आले.

तिने मंचाकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणजे त्याला कळलं होतं. रेघा गेल्या, यान पुन्हा हललं. आणि त्याने गुपचूप हात दांड्यावर ठेवून, यान वळेल तसा तो वळवायला सुरुवात केली. भोळ्या नवऱ्याची तिला कीव आली असती. याची किळस आली.

बाहेर शिकवायच्या गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला, “सगळ्यांनी पाहिलं. यान उडालं. आता सही कर. आणि सरक, गाडी मी चालवतो.”

“चालवा.” ती शेजारी बसली आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली.

गाडी निघाली. समोर खांब आला. “ब्रेक!” बाई नेहमीसारखी म्हणाली. त्याने नेहमीसारखाच उशीर केला. दिवा फुटला, बॉनेट चेपलं. बाहेर पडणारे तारेवाले खो-खो हसले.

“तू पाय काढलास!” तो ओरडला. इतकी वर्षं गाडी कोण थांबवत होतं, ते त्याच्याच तोंडून निघालं होतं.

“जे आपल्या हातात असतं ना, ते चुकलं की आपटतं,” बाई म्हणाली. “काहीही केलं तरी जे चुकतच नाही, ते दुसऱ्याच्या पायाखाली असतं. कोणी चमत्कार हातात दिला, तर एकदा हात सोडून बघायचं. त्याला हुद्दा लागत नाही, अक्कल लागते.”

तिने किल्ली काढून त्याच्या मांडीवर टाकली.

“घ्या. आता विका.”