नवरीले सलाईन

"बाहेर पंचेचाळीस डिग्री असली, तर इंजिनच्या पोटात पंचेचाळीसच्या खालची हवा जाऊच शकत नाही. सायन्सचा नियम आहे," जावईबापू म्हणाले.

हे सांगताना जावईबापू वाळ्याच्या कूलरसमोर शर्टाच्या तीन गुंड्या उघड्या टाकून बसले होते, आणि कूलरची गार झुळूक त्यांच्या छातीवरचे केस हलवत होती.

पत्रूनं एकदा कूलरकडे पाहिलं. मग जावईबापूंकडे पाहिलं. पोटातून हसू असं उसळलं की ते त्याला पाण्याच्या गिलासात तोंड घालून बुडवावं लागलं.

"मी पाजतो," गिलास खाली ठेवून तो म्हणाला.

"काय पाजतो?" बापूरावांनी विचारलं.

"थंडी हवा. तुमच्या गाडीले. बाहेरच्यापेक्षा चांगली दहा डिग्री थंडी. लावता पैज, बापूभाऊ?"

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना होता. वडशात दुपारी कुत्रीसुद्धा नालीत बसून राहायची. बापूराव म्हणजे तांदळाच्या मिलचे मालक. मिलच्या भिंतीला टेकून पत्रूचं टिनाचं शेड होतं, वर पाटी 'पत्रू इंजिनवाले'. वय अठ्ठेचाळीस, अर्धी मिशी पांढरी, पण डोक्यातला किडा पंधरा वर्षांचाच. गेल्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकातल्या व्हिलनला त्यानं "तुम्हाले खरंच पोलीस शोधून राह्यले जी" असं सांगून खोटी मिशी न उतरवता आरमोरीच्या वाटेला लावलं होतं. नाटक कंपनीवाल्यांनी त्याला सायकलवर गाठून परत आणलं.

आणि गाडी? चंद्रपूरच्या कोळसा खाणीतला एक साहेब कलकत्त्याला निघाला, जाताना आपली विलायती गाडी बापूरावांना विकून गेला. लालभडक, बुटकी, दोन सीटची, डोक्यावर टप नाही. ती मांडवाखाली झाकून असायची, लग्नाकार्यालाच बाहेर निघायची, आणि निघाली की दोन कोसांत थकायची. म्हणून शेजारच्या ठमाबाईनं तिचं नाव 'नवरी' ठेवलं होतं. बापूरावांना नावाचं वाईट वाटत नव्हतं. त्यांचं खरं दुखणं होतं पोचू ड्रायव्हर. आरमोरीच्या रस्त्यावर पोचूची एस.टी. मागून यायची, हॉर्न वाजवायची आणि नवरीला धूळ चारून पुढे निघायची. खिडकीतून बायका टाटा करायच्या.

त्यावर इलाज करायला नागपूरहून जावईबापू आले. खुशालराव, इंजिनिअर. त्यांनी इंग्रजी मासिकातला फोटो पाहून हवेचा जुना डबा काढून फेकला आणि कार्बोरेटरवर एक चकचकीत उघडी जाळी बसवली. दिसायला लई देखणी. फक्त ती जाळी बॉनेटच्या आत, धुराच्या तापलेल्या पाईपाच्या शेजारी जाऊन बसली. नवरी आधी दोन कोसांत थकायची, आता एकाच कोसात थकायला लागली.

"गरम हवा पिऊन राह्यली ते," पत्रू म्हणाला होता. "पायलीभर मुरमुरे अन् पायलीभर तांदूळ, पोट कशानं भरते? गरम हवा म्हणजे मुरमुरे. थंडी हवा म्हणजे तांदूळ. इंजिनची पायली तेवढीच हाये जी."

तांदळाच्या मिलमालकाला याहून सोपं काय सांगणार? पण बापूरावांनी पानाचा डबा पुढे ओढला. जावयाच्या समोर जावयाचं चुकलं असं म्हणायची सोय आपल्याकडे नाही. जावई जेवायला बसला आणि त्याला तूप वाढताना वाटी सांडली, तर वाटीचीच चूक असते.

आता पैजेचं नाव निघाल्यावर जावईबापू सरसावले. "लावा पैज, मामाजी. हा हरला तर मिलचं इंजिन नागपूरच्या माझ्या मित्राकडे द्यायचं. तसंही मी तुम्हाला म्हणतच होतो."

पत्रूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं क्षणभर विझलं. मिलचं इंजिन बावीस वर्षं त्याच्या हातात होतं. त्याचा ठोका एक जरी चुकला तर तो ताटावरून उठून यायचा. शेडमध्ये पंक्चर आणि कूलरच्या मोटारी येत होत्या, पण गावात त्याला 'इंजिनवाले' म्हणत होते ते त्या एका इंजिनमुळे.

"अन् मी जिंकलो तं?" त्यानं विचारलं.

"तं तू सांग," बापूराव म्हणाले.

"तं इंजिन माझ्याकडंच राह्यते. अन् बाजाराच्या दिवशी भर चौकात तुम्ही अर्धा घंटा नवरीले पंख्यानं वारा घालसान, अन् दर दोन मिनिटांनी तिले विचारसान, 'गार वाटून राह्यलं काय, बाई?'"

बापूराव एवढे हसले की तोंडातलं पान कूलरच्या टबात सांडलं. "मंजूर!"

"माझीही एक अट," जावईबापू म्हणाले. "एकदा गाडी निघाली की पत्रूनं कशालाही हात लावायचा नाही. नाहीतर हरला."

"मंजूर जी," पत्रू म्हणाला.

पहिला घोटाळा थर्मामीटरचा झाला. बापूरावांनी मोठ्या थाटात लटारू कंपाउंडरकडून थर्मामीटर मागवला. लटारूनं तो झटकला, पुसला आणि "काखेत का तोंडात?" असं सवयीनं विचारून गाडीपाशी घेऊन आला. तापाचं मीटर बेचाळीसपर्यंतचं. बाहेर ऊन पंचेचाळीसचं. बॉनेट उघडायच्या आधीच त्याच्या हातात टिचकन फुटलं. गावभर झालं की नवरीला एवढा ताप आहे की कंपाउंडरचं मीटर फुटलं.

मग शाळेतले विज्ञानाचे मुखरू गुरुजी प्रयोगशाळेतलं लांब मीटर घेऊन आले. शंभरापर्यंतचं. "जय भीम, पत्रूभाऊ," ते म्हणाले, "हे फुटलं तं मले पगारातून भरा लागंल. म्हणून मी याच्यासंगच राहीन." असा पंच ठरला.

गुरुजींनी आधी जावईबापूंच्या जाळीपाशी मीटर धरलं. इंजिन चालू, बॉनेट बंद, फटीतून मीटर आत. अडुसष्ट.

"हे तर नॉर्मल आहे," जावईबापू म्हणाले.

"वरण शिजते जी एवढ्यात," ठमाबाई भिंतीवरून बोलली.

पत्रूनं दोन दिवस घेतले. त्यानं तेलाचा रिकामा पिपा कापला आणि तो नवरीच्या पुढच्या मडगार्डवर, इंजिनच्या उष्णतेपासून दूर, वाऱ्याकडे तोंड करून बसवला. तोंडाला जाळी ठोकली आणि जाळीत वाळा भरला, तोच जो जावईबापूंच्या कूलरमध्ये होता. पिप्याच्या मागून मिलमधला कोंड्याचा कॅनव्हासचा पाईप बॉनेटच्या फटीतून आत नेऊन सरळ कार्बोरेटरला बांधला. म्हणजे नवरीनं श्वास घ्यायचा तो बाहेरचा, आणि ओल्या वाळ्यातून गाळून. पाईपाला भोक पाडून बुचात गुरुजींचं मीटर खोचलं, काचेच्या आड बसून वाचता येईल असं.

राहिलं वाळा ओला ठेवायचं. मेच्या उन्हात धावत्या गाडीवर वाळा दहा मिनिटांत पापड होतो. पत्रू पुन्हा लटारूकडे गेला आणि सलाईनची रिकामी बाटली, नळी आणि ते थेंब कमीजास्त करायचं चाक घेऊन आला. बाटलीत विहिरीचं पाणी. बाटली समोरच्या काचेच्या चौकटीला, मधोमध टांगली, नळीचं टोक वाळ्यावर सोडलं. टप, टप, टप.

"बाई गं! नवरीले सलाईन लावली!" ठमाबाई ओरडली, आणि पाच मिनिटांत अर्धा मोहल्ला भेटायला आला. एका बाईनं तर नारळपाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता नवरी निघाली. बापूराव गाडी चालवायला, शेजारी बाहेरच्या हवेचं दुसरं मीटर हातात सांभाळत गुरुजी, आणि मागच्या फळीवर, विलायतेत जिथं कुत्रं बसवत असतील तिथं, हात काखेत घालून पत्रू. मागून स्कूटरवर जावईबापू. आरमोरीच्या अलीकडच्या गुणाबाईच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचं, परत वडशाच्या स्टँडवर यायचं, आणि तिथं जो आकडा दिसेल तो शेवटचा.

"बाहेर पंचेचाळीस," गुरुजी ओरडले. "पाईपात... एकतीस!"

बापूराव ऐकतच नव्हते. नवरी पहिल्यांदाच पायाखाली पळत होती. कुरूडची चढण आली, त्यांनी सवयीनं गियर खाली टाकायला हात नेला, आणि नवरी तशीच वर चढली. बापूरावांनी हात काढून मिशीवर ठेवला.

टपरीवर सगळे उतरले. गुणाबाईनं चहा टाकला. बापूराव आणि गुरुजी बाकड्यावर बसले, आणि जावईबापू "जरा पाहतो" म्हणून गाडीभोवती फिरायला लागले. पत्रूनं पाहिलं: दोन बोटं सलाईनच्या चाकावर गेली, चाक फिरलं, थेंब थांबला. जावईबापू रुमालानं हात पुसत आले.

गुणाबाईनंही पाहिलं होतं. तिनं तोंड उघडलं तसा पत्रू चुलीजवळ सरकला. "गप राय, बाई."

"अरे, पण त्यानं तं..."

"माहीत हाये. बोललो तं म्हणंल चुकून लागला हात, प्रयोग बिघडला, पुढच्या महिन्यात करू. पुढच्या महिन्यात पाऊस." हात लावला तर हरला, नाही लावला तर वाळा सुकून हरला. त्यानं टपरीतल्या घड्याळाकडे पाहिलं. "पोचूची गाडी आरमोरीहून केव्हा निघते?"

"तीनले."

तीनला दहा कमी होते. "तं अजून एक एक चहा टाक. गुरुजीले भजे बी दे."

गुरुजींनी भजी सावकाश खाल्ली. जावईबापू खूश होते, त्यांनी दुसरी प्लेट मागवली. वाळा उन्हात वाळत होता. शेवटी आरमोरीकडून ओळखीचा हॉर्न ऐकू आला तसा पत्रू उठला. "चला बापूभाऊ, उशीर होऊन राह्यला."

नवरी निघाली आणि एका मैलात गुरुजी म्हणाले, "चौतीस." मग "अडतीस." मग जरा खालच्या आवाजात, "एक्केचाळीस जी."

पत्रूनं काखेतले हात आणखी घट्ट दाबले. मिलच्या इंजिनचा ठोका त्याला इथंही ऐकू यायला लागला.

बापूरावांनी पाय दाबला. नवरी धापा टाकायला लागली. त्यांनी आरशात पाहिलं. धुळीच्या लोटातून पोचूची एस.टी. येत होती.

"काय झालं इले? आत्ता तं पळत होती!"

"थेंब पडून नाई राह्यला," गुरुजी म्हणाले.

"पत्रू! थेंब काऊन नाई पडत?"

"मले हात लावाची मनाई हाये जी," पत्रू मागून म्हणाला. "चाक बंद दिसते."

एस.टी.नं हॉर्न दिला. लांब, सवयीचा, बावीस प्रवाशांनी ऐकावा असा. बापूरावांचा हात चाकाकडे गेला.

"बापूभाऊ," गुरुजी प्रामाणिक माणूस, "पंच म्हणून सांगतो. ते बंद राह्यलं तं तुम्ही जिंकता. उघडलं तं हारता."

"पैज गेली चुलीत! मागं पोचू हाये!"

आणि बापूरावांनी सलाईनचं चाक पूर्ण उघडलं. वाळा प्याला. नवरीनं एक लांब श्वास घेतला आणि अशी निघाली की गुरुजींची टोपी पोचूच्या काचेवर जाऊन चिकटली. बापूराव उभे राहून मागे टाटा करत होते. स्टेअरिंग धरा असं गुरुजी ओरडत होते.

स्टँडवर गर्दी जमलीच होती. गुरुजींनी एका हातानं उडालेले केस दाबले आणि दुसऱ्या हातानं मीटर. "बाहेर चव्वेचाळीस. पाईपात तीस!"

जावईबापू स्कूटर तशीच आडवी टाकून धावत आले. "शक्यच नाही! ते चाक तर बंद होतं!"

गर्दीच्या माना जावईबापूंकडे वळल्या.

"कोणतं चाक, जावईबापू?" पत्रूनं फार प्रेमानं विचारलं.

बापूरावांनी जावयाकडे पाहिलं. बरंच काही तोंडापर्यंत आलं, आणि सासरेपणानं ते सगळं गिळलं. "ऊन लागलं जावईबापूले," ते म्हणाले. "ताक द्या कोणी."

बाजाराच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध नवरी, धुऊनपुसून, सलाईन चालू. बापूराव वाळ्याचा पंखा घेऊन तिच्या तोंडाशी उभे. आणि पत्रूनं कोणालाही न विचारता एक गोष्ट वाढवली होती: गाडीशेजारी खुर्ची मांडली, तिच्यावर जावईबापूंना बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, हातात शेला-नारळ दिला. जावयाचा मान. मान दिल्यावर उठून जाता येत नाही. बाजारातली प्रत्येक बाई आधी गाडी पाहायची, मग जावई.

बापूरावांनी पंखा हलवला. पोचूही एस.टी. उभी करून आला होता, त्याच्यासमोर बापूरावांचा आवाज जरा चिरकला. "गार... गार वाटून राह्यलं काय, बाई?"

मग गर्दीतून ठमाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला आणि नव्या नवरीच्या बारीक आवाजात उत्तर दिलं:

"लई गार वाटते जी. पण त्या जावयाले माझ्या सलाईनीपासून दूर बसवा!"

चौक खदखदला. जावईबापूंनी नारळ मांडीवरून उचलून तोंडासमोर धरला. बापूराव हसता हसता पंखा घालतच राहिले, कारण अर्ध्या घंट्यातली अजून अठ्ठावीस मिनिटं बाकी होती, आणि घड्याळ पत्रूच्या हातात होतं.