कोऱ्या कापडाला पाणी

टाचणी अगदी टोकाशी होती. ताग्याचा शेवटचा पदर निसटू नये म्हणून कुणीतरी घाईघाईने खुपसलेली, डोक्याशी किंचित गंजलेली, आणि तिच्याभोवती कापडावर तिळाएवढा तांबूस डाग... चहा निवत चालला होता आणि ती मघापासून त्या टाचणीकडेच बघत होती. टाचणी काढली की तागा उलगडणार, उलगडला की मापावा लागणार, मापला की कात्री कुठून लावायची ते ठरवावं लागणार. त्यापेक्षा टाचणी बरी. टाचणीला काही ठरवायचं नसतं.

काल संध्याकाळी तळमजल्यावरचा पडदेवाला तागा खांद्यावर टाकून तीन जिने चढून आला होता. दुकान आवरून तो कायमचा लेकाकडे निघाला होता. "काकू, बावीस मीटर आहे, अस्सल सुती. गिऱ्हाइकाने मागवलं आणि रंग बघून नाक मुरडलं. तुम्ही गोधड्या शिवता, तुम्हालाच ठेवा."

"अहो, पण एवढं..."

"एवढं म्हणजे काय? परत खाली न्यायला सांगू नका म्हणजे झालं, माझे गुडघे आधीच बोंबलतायत." आणि तो हसत, कठडा धरत उतरून गेला. पैशांचं नाव नाही, उपकाराचा सूर नाही. दिलं आणि मोकळा झाला.

रंग धुतलेल्या पाटीसारखा होता, राखाडीत निळा मिसळलेला. तिला तो फार आवडला होता आणि त्यामुळेच रात्री नीट झोप लागली नव्हती.

चिंध्यांचं एक बरं असतं. चिंधी स्वतःच सांगते — मी एवढीच आहे, इथे माझी शिवण उसवलेली आहे, मला त्या लाल तुकड्याशेजारी बसव, त्याच्याशी माझं जमतं. चाळीस वर्षं ती चिंध्यांचंच ऐकत आली. कुणाचे लेंगे, कुणाची उशीची खोळ, कुणाच्या पोराचा शाळेचा सदरा. जे आलं त्यात भागवायचं, कमी पडलं तर ठिगळाला ठिगळ जोडायचं. हात आखडता असला की डोकं चालतं. आता हे बावीस मीटर एकसंध, कुणीही न वापरलेलं, काहीही न सांगणारं... लहानपणी ज्या म्हाताऱ्या बुवांचं निरूपण ऐकायला आई न्यायची, ते टाळ थांबवून, एक भुवई उचलून, अर्धं गात अर्धं बोलत म्हणायचे — मागितलेलं मिळालं की माणूस नमस्कार करतो, न मागता मिळालं की माणूस चपापतो, कारण आता देव आपल्याकडे बघतोय! सगळी सभा हसायची. आपणही हसलो होतो. तेव्हा काय कळत होतं?

"उचल की तो तागा, पाय अडखळतोय," नवरा म्हणाला. तो चपला घालत होता. महिन्यातून एकदा तो आपल्या वहिनीकडे जाऊन यायचा, औषधं पोचवायला, दिव्याचं बटण बदलायला, असल्या कामांना. आज तोच दिवस होता. बारा वर्षं तो दाराशी एकदा थांबायचा, "येतेस?" असं न विचारता फक्त किल्ली शोधायचा, आणि जायचा. आजही किल्ली त्याच्या हातातच होती. तरी तो ती शोधत होता.

"वहिनींना सांगा..." ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. गुडघ्याला तेल लावा म्हणावं."

दार लागलं.

दुपारी नर्सबाई आल्या. गुरुवारी दोघी मिळून शिवायच्या. नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून वॉर्डातलाच. तागा बघून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अगं बाई! हे म्हणजे दुष्काळात धरण फुटलं. ऐक. याची सगळी अस्तरं काढ. दवाखान्यातल्या बाळांसाठी लहान लहान गोधड्या, वर आपल्या चिंध्या, खाली हे. अस्तरालाच तर नेहमी मार खातो आपण. वीस बाळं होतील. नाहीतर उभ्या पट्ट्या फाड, दोन-दोन तुकड्यांमधून फिरव, सगळ्या रंगीबेरंगी गोंधळाला शिस्त लागेल. नाहीतर..." त्या कापडावरून तळवा फिरवत थांबल्या. "नाहीतर नुसतंच ठेव. जोड नको, ठिगळ नको. सबंध कापड आणि त्यावर फक्त तुझे टाके. तुझा धावदोरा काय कुणी ठिगळांच्या गर्दीत बघतं का? एकदा दिसू दे की."

"आता या वयात काय दाखवायचंय?"

"मग माझी सून म्हणते तशा पिशव्या शिव. ती तर माझ्यासुद्धा पिशव्या शिवेल."

दोघी हसल्या. नर्सबाईंनी सहज ताग्याची टाचणी काढली आणि तिच्या बाहीत टोचून ठेवली. तागा पलंगावरून घरंगळत, उलगडत, पार खिडकीपर्यंत गेला... आणि वास आला. खळीचा. कोऱ्या कापडाचा तो कोरडा, थोडा आंबूस वास.

तोच वास.

अकरा सदरे होते. थोरले दीर गेल्यावर जाऊबाईंनी ते एका चादरीत बांधून तिच्यापुढे ठेवले होते. "धाकटे, ह्यांची गोधडी तूच शिव. माझे डोळे भरून येतात, सुई दिसत नाही." जाऊबाईंनीच तिला सुई धरायला शिकवलेलं, लग्न होऊन आली तेव्हा तिला साधं बटणही लावता येत नव्हतं. "धाकटे, दोरा हातभरच घे, आळशी बाईचा दोरा लांब." "धाकटे, कोऱ्या कापडाला आधी पाणी दाखव. ते पाण्यात आपला स्वभाव दाखवतं, मग फसवत नाही." हे तर पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

आणि तिने दाखवलं नव्हतं. अस्तराला कोरं पांढरं कापड घेतलं आणि तसंच लावलं. सदऱ्यांनी शंभर धुणी पाहिलेली, ते कशाला आटतात? अस्तर मात्र पहिल्याच धुण्यात आटलं. सगळी गोधडी आवळून आली, मुठीत धरल्यासारखी. नवऱ्याने येऊन सांगितलं, "वहिनींनी धुतली. आवळली म्हणे थोडी." आणि वर्तमानपत्र उघडलं. जाऊबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. लग्नांत भेटल्या, बारशांना भेटल्या, हवा-पाण्याचं बोलल्या.

घाई झाली होती, असं ती बारा वर्षं स्वतःला सांगत आली. पण आज हा वास नाकात शिरला आणि... नाही. घाई नव्हती. चार दिवस हातात होते. धुतलं असतं तर खळ गेली असती, कापड मऊ पडलं असतं, आणि मला ते कडक, करकरीत, दुकानातल्यासारखं त्यांच्या मांडीवर ठेवायचं होतं. त्यांनी बघावं म्हणून. त्यांनी शिकवलेली धाकटी आता त्यांच्याही पुढे गेली, हे त्यांच्या ओल्या डोळ्यांना दिसावं म्हणून. त्या बाईचं कुंकू पुसलेलं, आणि मी माझा करकरीतपणा मिरवत होते... देवा, तू तेव्हाही बघत होतास की रे.

"काय गं, पांढरीफटक पडलीस," नर्सबाई म्हणाल्या. "रक्तदाब बघू का?"

"आधी याला पाणी दाखवते," ती म्हणाली.

दोघींनी तागा टबात बुडवला. पाणी हळूहळू दुधाळ झालं. दोघी पायांनी तुडवत राहिल्या, एकमेकींचे खांदे धरून, घसरू नये म्हणून. तुडवता तुडवता तिचं मनात पक्कं होत गेलं: हे अस्तर त्या गोधडीचंच. जाऊबाईंकडून गोधडी मागून आणायची, जुनं अस्तर उसवायचं, सदरे मोकळे करून सपाट करायचे, आणि हे धुतलेलं, आटून झालेलं, शहाणं झालेलं कापड लावायचं. एवढ्यासाठीच हे आलं असणार. इतकं उदंड, न मागता... नाहीतर का? वीस बाळांना नंतरही पुरेल.

गच्चीवर दोऱ्यांवरून ते मागे-पुढे, मागे-पुढे टाकलं, पाच पदर झाले. नर्सबाई गेल्या. ओल्या हातांनीच तिने फोन लावला.

"कोण?"

"वहिनी, मी. धाकटी."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "बोल. हा इथेच बसलाय, चहा पितोय. ह्याला देऊ?"

"नको. तुमच्याशीच... वहिनी, ती गोधडी आहे का अजून?"

"कुठे जाईल?"

"मला द्याल का थोडे दिवस? मी ती सगळी उसवून... चांगलं अस्तर आहे माझ्याकडे. पाणी दाखवलेलं. तेव्हा मी दाखवलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशीच हात लावला तेव्हा खळ लागली."

ठाऊक होतं. धुण्याआधीच ठाऊक होतं.

"मग धुतलीत कशाला?"

"गोधडी धुवायची नाही तर काय पुजायची?" मग तोच जुना, सुईसारखा आवाज. "ओली असताना ओढून सरळ करायला गेले तर सदऱ्याच्या खिशाशी फाटली. दोन ठिकाणी. मीच शिवली. डोळे पुसत पुसत शिवली, वाकडी. आता तू ती उसवणार? माझे टाकेही उसवणार?"

"वहिनी..."

"रागावले होते मी. अजून आहे थोडी. असे निघून गेले म्हणून ह्यांचा राग आला की तीच पांघरते, तुझा आला की तीच पांघरते. घरात दुसरी ऊबदार आहे कुठे?"

नवऱ्याचं खाकरणं ऐकू आलं.

"उसवायला यायचं असेल तर येऊ नकोस, धाकटे. बसायला यायचं असेल तर ये. आणि हातात काही आणू नकोस. बघू तरी, रिकाम्या हाताने येता येतं का तुला."

फोन ठेवल्यावर ती कात्री घेऊन पुन्हा गच्चीवर गेली. का, ते तिचं तिलाच कळलं नाही, अस्तराचं माप तर मनात केव्हाच घेऊन ठेवलेलं. ऊन उतरत होतं. पाच पदरांच्या मधल्या बोळांतून ती चालू लागली, दोन्ही बाजूंनी ते राखाडी-निळं, अर्धवट वाळलेलं, वाऱ्यावर पोट फुगवून तिला हलकेच ढकलणारं. खळ गेली होती. वासही गेला होता, आता नुसता पाण्याचा वास. माप ज्याच्यासाठी घेतलं होतं ते आता नको होतं. म्हणजे हे बावीस मीटर — आटून किती उरले असतील, एकवीस? — कशाच्याच बदली नव्हते. कशाची भरपाई नव्हते. नुसते दिलेले होते. आणि ते तसे घ्यायला तिच्याजवळ जागाच सापडत नव्हती. जिथे जागा असायची तिथे बारा वर्षं दुसरंच काही घडी घालून ठेवलेलं...

रिकाम्या हाताने. आजवर ती कुणाकडे गेली नव्हती तशी. निदान एक उशीची खोळ, एक पोतेरंतरी शिवून न्यायची. हात रिकामे असले तर ते कुठे ठेवतात? मांडीवर? त्या आवळलेल्या गोधडीच्या चुण्यांवर? तिच्या मनाने तिथे तळवा ठेवून पाहिला, खिशाच्या वाकड्या टाक्यांपाशी, आणि घाबरून काढला, आणि पुन्हा ठेवला.

कापडाच्या टोकाशी ती थांबली. गंजाचा तो तिळाएवढा डाग धुऊनही तसाच होता. कात्री कठड्यावर ठेवली आहे हे तिच्या उशिरा लक्षात आलं. बाहीत काहीतरी टोचत होतं. दुपारपासून टोचत असणार... ती टाचणी. काढायला तिने बोटं नेली आणि तशीच थांबली, एका हातात काही नाही, दुसऱ्याही हातात काही नाही, आणि समोर ते सबंध कापड फुगत होतं, खाली बसत होतं, फुगत होतं.