सात पांढरे, तीन लाल

सायकलच्या पुढच्या दिव्यात सात पांढरे एलईडी होते आणि सातही जळत होते. प्रत्येकाला एक असे ब्याऐंशी ओहमचे सात रेझिस्टर, चार सेल, एक बटण, दोन तारा, एक पितळी स्क्रू. रीमाने पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचे झाकण काढून हे सगळे वर्तमानपत्रावर मांडले आणि तिसऱ्यांदा मोजले. कमी काहीच नव्हते. जास्त मात्र एक गोष्ट होती. पुढच्या पारदर्शक झाकणाला आतून कापसाचा रुवा चिकटला होता, नखाएवढा.

तिने तो चिमट्याने उचलला, उजेडात धरला आणि वहीच्या पानावर ठेवला. त्या पानावर आधीच बरीच खाडाखोड होती.

हिशोब सोपा होता. सात एलईडी मिळून एकशे चाळीस मिलीअँपिअर. सेल दोन हजार मिलीअँपिअर-तासांचे, पण छापील आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून त्यातले ऐंशी टक्केच धरले. तरी साडेअकरा तास निघत होते. बाबा सकाळी उजेडात कामाला जात आणि सात वाजता अंधारात परतत. भिवंडीहून खारबाव, सायकलने चाळीस मिनिटे. म्हणजे एकदा चार्ज केलेले सेल सतरा दिवस चालायला हवे होते. चालत होते चार दिवस. दोनदा बदलले, दोन्ही वेळा चारच.

"झाला का दिवा बरा?" केसरीनाथने पडवीतूनच विचारले. तो सायकलच्या चेनला तेल घालत होता.

"दिव्याला काय झालेलं न्हाय, बाबा. तेच कळत न्हाय."

"मंग आजारी कोन हाय?"

"हिशोब."

तो हसला. "बीएस्सी झालीस ना गो तू?"

दिवाळीच्या चार दिवस आधी कामण रस्त्यावर एका कंटेनरने केसरीनाथला मागून घासले होते. तो गटारात पडला, कोपर सोलले, मागचे चाक वाकडे झाले. ड्रायव्हर उतरून "दिखा नहीं, चाचा" एवढेच म्हणाला आणि ते खरेच होते. त्या रस्त्यावर चार किलोमीटरांत एकही खांब पेटत नाही. रीमाने त्याच आठवड्यात दिवे बनवायला घेतले. दहा पांढऱ्या एलईडींच्या पाकिटातले सात पुढे लावले. मागे तीन लाल, त्यांना वेगळे दोन सेल.

मागच्या दिव्यावरून तेव्हा वाद झाला होता.

"ह्यो मागचा दिवा कोनासाठी? मना तं दिसनार न्हाय."

"तुमच्यासाठी न्हायच तो. ट्रकवाल्यासाठी."

"मंग सेल पन ट्रकवाल्यानं घालावं."

पण लावून घेतला होता. आणि रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर केळीपाशी पांढरा उजेड दिसला की आई, काशी, चुलीवर चहा ठेवायची. "आला बघ तुजा चंद्र," म्हणायची. दिवाळीपासून तिने वाट बघताना देवाचे नाव घेणे सोडले होते.

त्या उजेडाची शाश्वती उरली नव्हती. सेल रस्त्यात मधेच संपले तर पुन्हा तोच अंधार, तेच कंटेनर. रीमाला रात्री झोपताना आकडे दिसत. सेल खराब असतील म्हणून तिने चारांचा एक संच घरीच जाळून पाहिला, बारा तास चालला. तार कुठे चिकटत असेल म्हणून बटण बंद ठेवून मीटर लावला, शून्य. मग सहज म्हणून मागच्या दिव्याचे सेल तपासले आणि गोंधळ दुप्पट झाला. लावले त्या दिवशी ३.१७ व्होल्ट होते. बारा दिवसांनी २.८ च्या आसपास यायला हवे होते. मीटर ३.१६ दाखवत होता.

पुढचे सेल चौपट वेगाने संपत होते. मागचे संपतच नव्हते. एकाच सायकलवर, एकाच रस्त्यावर. असे होऊ शकेल असा कुठलाही नियम तिला आठवेना.

"बाबा, कारखान्यात लाईट गेली की लावता का दिवा?"

"कदी कदी." केसरीनाथने चेन फिरवून पाहिली. "चेन झाली. ऊठ आता, जेवाया."

जेवताना तो लूमच्या कारखान्यातले सांगत होता. महादूला चष्मा लागला. त्याच्यासारखाच राच भरणारा, म्हणजे लूमच्या तारांच्या डोळ्यांतून कापडाचे उभे धागे ओढणारा, वीस वर्षे हेच काम केलेला कारागीर. चष्मा लावून आला आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला सुताच्या कांड्या भरायला बसवला, बायकांच्यात. मुकादमाचे म्हणणे एकच, चष्म्याच्या माणसाच्या हातची राच नको, कापडावर रेघ येते.

"येते का?" रीमाने विचारले.

"एक धागा चुकीच्या डोल्यात गेला तर येते. चष्मा असो नसो." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "दोन हजार चारशे धागं, बाय. दोन हजार चारशे डोलं. एकेक वढायचा."

"तुमचा चुकतो का कधी?"

"इठू मागून धागा देतो, मी पुढून वढतो. आमचं चुकत न्हाय," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

मंगळवारी रीमाला भिवंडीत क्लासवर शिकवायला जायचे होते. ती तासभर आधी निघाली. तिच्याकडे आता एकच शक्यता शिल्लक होती. कारखान्याच्या आवारात सायकल दिवसभर उभी असते, जाता-येता कोणीतरी बटण दाबत असेल, किंवा शेजारच्या सायकलचा हँडल लागून ते दबत असेल. हे बघितल्याशिवाय कळणार नव्हते.

आवारात सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाबांची तिसरी. मागचा लाल दिवा जागेवर, बंद. पुढच्या हँडलवर पट्टी होती आणि पट्टीवर दिवा नव्हता.

चोरला, हा तिचा पहिला विचार. मग तिने पट्टी जवळून पाहिली. पितळी स्क्रूची खाच घासून पिवळी चमकत होती. स्क्रू कोणी उपटला नव्हता. नीट काढून, पुन्हा भोकात बसवून ठेवला होता. रोज काढल्यासारखा.

दारात एक कामगार बिडी ओढत बसला होता.

"किसको देखना है, बेटी?"

"केसरीनाथ. राच भरते हैं."

"सीधा जाओ, कोने में. आवाज़ मत देना, सुनाई नहीं देगा."

खरेच ऐकू आले नसते. आत बत्तीस लूम चालू होते, जमीन पायाखाली थरथरत होती आणि हवेत रुवा तरंगत होता. वीज होती. डोक्यावर ट्यूबलाइटच्या दोन रांगा जळत होत्या. कोपऱ्यात एक लूम बंद होता. त्याच्यापुढे केसरीनाथ लाकडी पाटावर बसला होता. समोर राच टांगलेली. चौकटीत उभ्या बारीक तारा, प्रत्येक तारेच्या मध्यावर सुईच्या नेढ्याएवढा डोळा. तो बारीक आकडा त्या डोळ्यातून आत घाली, पलीकडून आलेला धागा पकडी, ओढी. त्याच्या उजव्या खांद्याच्या वर, चौकटीला सुतळीने बांधलेला, तिचा दिवा होता. सातही एलईडी चालू. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली.

तरीही तो मान मागे नेऊन बघत होता. हात लांब आणि मान मागे, जणू राचेला कसला वास येत होता.

धाग्यांच्या पलीकडे विठू बसला होता, बाबांचा जोडीदार. त्याची नजर वर आली आणि पांढऱ्या धाग्यांच्या पडद्यातून त्याने रीमाला पाहिले. धागा देणारा हात त्याने थांबवला नाही. मान फक्त एकदा डावीकडून उजवीकडे हलवली.

रीमा मागे फिरली.

पुढचे सेल कुठे जातात ते कळले. मागचे का जात नाहीत ते अजून कळले नव्हते. क्लासमध्ये तिने आरशाचे सूत्र फळ्यावर चुकीचे लिहिले आणि एका मुलीने ते दाखवून दिले.

संध्याकाळी ती रिक्षातून घराच्या अर्धा किलोमीटर आधीच, केळीच्या वळणाअलीकडे उतरली. तिथे बंद पडलेल्या पानटपरीच्या बाकावर बसली. अंधार पडला होता. कंटेनर येत, रस्ता क्षणभर पांढरा होई आणि पुन्हा काही नसे. अशाच एका ट्रकच्या उजेडात तिला सायकल दिसली. पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही. ट्रकने जोरात हॉर्न दिला. सायकल खडीत उतरली, डगमगली, पुन्हा डांबरावर आली. रीमा उभी राहिली होती, ते तिला नंतर समजले.

वळणाच्या दहा पावले आधी केसरीनाथ उतरला. सायकल स्टँडवर लावून त्याने डब्याच्या पिशवीतून दिवा काढला. पट्टीवर बसवला, खिशातल्या नाण्याने स्क्रू आवळला. बटण दाबले. पुढचा रस्ता पांढरा झाला. तो सायकलवर बसला आणि वळणावरून घराकडे गेला. मागचा लाल दिवा बंदच होता. घरातून तो दिसत नाही.

रीमा घरी पोचली तेव्हा चहा उकळून झाला होता.

"उशीर गो?" आई म्हणाली. "बापूस कवाच आला. लांबूनच दिसला मना, दिवा घेऊन."

"हो," रीमा म्हणाली. केसरीनाथ बशीत चहा ओतत होता. बशी त्याने तोंडाजवळ नेली आणि वर पाहिले नाही.

रविवारी तिने दोन कामे केली. पहिले सकाळी, तो बाजारात गेलेला असताना. दुसरे दुपारभर. संध्याकाळी त्याने सायकल पुसायला घेतली आणि सवयीने नाणे काढून स्क्रूच्या खाचेत घातले. स्क्रू फिरेना.

"ह्यो निघत न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय निघायचा. आरल्डाइट लावलाय."

"आन् सेल बदलायचं झालं तं?"

"सेल मागून निघतात. दिवा न्हाय निघत. आणि आता बटण एकच आहे, पुढचं दाबलं की मागचापण लागतो."

केसरीनाथने कडक झालेल्या गोंदावरून अंगठा फिरवला. हातातले फडके हँडलवर टाकले. मग आत येऊन बसला. रीमाने त्याच्यापुढे दुसरी वस्तू ठेवली. वायरिंगच्या पाइपचा बोटभर तुकडा, त्यात तीन पांढरे एलईडी आणि मागे कपडे वाळत घालायचा चिमटा. लांब तारेला सेलची डबी, खिशात मावेल अशी.

"ह्यो निघतो," ती म्हणाली.

"ह्यो कशासाठी?"

"दहातले तीन उरले होते."

त्याने चिमटा उघडला, मिटला. पुन्हा उघडला. "इठू काय बोलला का?" त्याने चिमट्याकडे बघत विचारले.

"विठूकाका एक शब्द बोलले न्हाईत."

"हं."

"चाचणी घ्यायची हाय," रीमा म्हणाली. "कॉलेजात घ्यायचो तशी."

"कोनाची?"

तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढला. त्याच डब्यात राचेची एक जुनी तार होती. बाबांनी कधीतरी आणलेली, आई परकरात नाडी ओवायला वापरायची. आणि पांढऱ्या धाग्याचे रीळ. आधी तिने त्याचा हात मोजला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

"बसल्यावर राच डोळ्यापासून किती लांब असते?"

"एक हात," तो म्हणाला. "ह्योच."

चव्वेचाळीस सेंटिमीटर. तिने लिहिले.

मग तारेच्या डोळ्यात धागा ओवून ती त्याच्या हातात दिली. खोलीतला बल्ब तेवढा चालू ठेवला. डोळा आणि धागा दोन्ही स्पष्ट दिसतील असे धरा, मग हळूहळू जवळ आणा, अंधूक झाले की थांबा. त्याने तार लांब धरली. अजून लांब. हात संपत आला तेव्हा "दिसला" म्हणाला, जरा जवळ आणली आणि थांबला. तिने त्याच्या डोळ्यापासून तारेपर्यंत टेप लावला. बासष्ट.

"सांजच्याला काय चाललंय?" काशी चुलीपासून म्हणाली. "डोलं तपासता का काय?"

रीमाचा टेप हातातच राहिला.

"दिवा तपासतो आम्ही," केसरीनाथ म्हणाला. "नवा केलाय तिनं."

"आनि किती दिवं?"

"येवढाच."

त्याने स्वतःच बटण दाबले, चिमटा थेट तारेच्या वरच्या टोकाला, खांद्यावरच्या दिव्यापेक्षा कितीतरी जवळ लावला आणि मान सरळ केली. रीमाने बल्ब बंद केला. तीन एलईडींच्या उजेडात त्याची बोटे आणि तारेचा डोळा तेवढा दिसत होता. तो तार जवळ आणू लागला. मागच्यापेक्षा हळू, आणि ओठ घट्ट मिटून. थांबला. तिने मोजले, लिहिले. कॉलेजात तीनदा मोजायला शिकवले होते, म्हणून तिने पुन्हा सांगितले. तो न कुरकुरता पुन्हा सुरुवातीपासून तार जवळ आणत राहिला.

पहिले वाचन बेचाळीस, दुसरे चाळीस, तिसरे एक्केचाळीस. सरासरी एक्केचाळीस सेंटिमीटर. राचेच्या अंतरापेक्षा तीन कमी.