कोरडी पाळ

उमरावने चपला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावरच काढल्या आणि पाण्याच्या उलट्या अंगाने, गवतातून तो पायथ्याशी उतरला. तिथे टाचा रोवत तो पावलापावलाने चालू लागला. मागून येणाऱ्या त्याच्या मुलीचे, नूतनचे, लक्ष हातातल्या फोनकडे होते.

"चपला काढ न बाई. चपलेले ओल समजते का?"

"काल पाहिली ना बाबा. कोरडी होती."

"काल त कोरडीच राहणार. तलाव भरून तीन दिवस झाले फक्त. पाणी मातीतून वाट काढत येते, त्याले वेळ लागते. आमी कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे, पंधरा दिवस पाहतो, मंग म्हणतो पाळ पक्की. तुमाले शिकलेल्यायले मोठी घाई."

नूतन जागच्या जागी थांबली.

साडेदहा वाजले होते. बारा वाजता दूर समुद्रकाठच्या तळावरून विमान उडणार होते. त्याच्या पोटाखाली जहाजावर मारा करणारे नवे क्षेपणास्त्र होते. आवाजाच्या तिप्पट वेगाचे, सहा वर्षांच्या कष्टांचे. त्याच्या इंधनवाहिनीतली गळती रोखणाऱ्या सीलच्या प्रमाणपत्रावर नूतनची सही होती. उंचावरच्या थंडीत ते सील चाळीस मिनिटे टिकते, हे तिने प्रयोगशाळेत तपासले होते. परवा बेत बदलला. आता विमान दोन तास घिरट्या घालणार होते. "पुराना साइन चलेगा ना?" असे प्रकल्पप्रमुख वीरेंद्र सरांनी फोनवर विचारले, तेव्हा ती गावाकडे येणाऱ्या गाडीत होती. ती हो म्हणाली होती.

विमानात दोन माणसे बसणार होती.

तिने फोन लावला.

"सर, सीलवरची माझी सही मी मागे घेते."

"आज? दिल्ली से लोग आ चुके हैं. खराबी मिली क्या?"

"नाही, सर. ती मिळावी एवढा वेळ मी त्याला दिलाच नाही."



"तो आज उड़ान नहीं होगी. लिखकर भेजो. अपने नाम से."

तिने लिहिले. अंगठा क्षणभर काचेवर अधांतरी राहिला, मग टेकला.

उमराव पाहत होता.

"काऊन, काई बिघडलं का तिकडे?"

"माहीत नाही, बाबा."

त्याने वाकून पायथ्याची माती चिमटीत घेतली, चुरली, वास घेतला.

"आजही कोरडीच हाय," तो म्हणाला आणि तिथे खुणेची एक काटकी रोवली. "उद्या परत येऊ."

नूतनने फोन पर्समध्ये टाकला. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाळीच्या राहिलेल्या अर्ध्या भागाकडे ती चालू लागली.